बाटली क्रमांक सतरा

७ एप्रिल
मांजरीत आज चौथी सोसायटी. चौथ्यांदा गेटवरूनच परत.

सेक्रेटरी खाली आले, पण गेट उघडलं नाही. मी नेहमीचं सांगितलं: आमची छोटी संशोधन संस्था आहे, नव्या इमारतींचं बोअरचं आणि टँकरचं पाणी तपासतोय, त्याचा पोटाच्या आजारांशी काय संबंध आहे ते बघतोय, शेवटी भूजलाच्या धोरणासाठी सरकारी खात्याला टिपण देणार आहोत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आमच्याकडे कुणाला काही होत नाही."

एवढ्यात पहिल्या मजल्यावरून त्यांची बायको: "अहो, जुलाबाच्या गोळ्या आणा येताना, पिंट्याचं अजून थांबलेलं नाहीये!"

सेक्रेटरी: "तो पाहुणा आहे."

संगीताताई माझ्याबरोबर होत्या. मांजरी गावच्या आशा सेविका, त्यांच्याशिवाय मला तिकडचा रस्ताही सापडत नाही. म्हणाल्या, "पाहुणा पानी कुनाचं पितो म्हनं?"

गेट जास्तच बंद झालं.

९ एप्रिल
शेवटी मांजरीतून बऱ्याच बाटल्या मिळाल्या. शेवटची सोळा नंबरची. सेक्रेटऱ्यांना टाळून बायकांना विचारायचं, ही संगीताताईंची पद्धत. शोधनिबंधात कशी लिहायची ते बघू.

बाटलीचं काम सोपं. आत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाणी भरायचं, झाकण लावायचं, दोन दिवस उबेला ठेवायचं. पाण्यात सांडपाण्याची घाण असेल तर बाटली काळी पडते, नसेल तर जशीच्या तशी. नियमावलीत मीच लिहिलंय, ठळक अक्षरात: बाटली काळी झाल्यास दोन दिवसांच्या आत तिथल्या रहिवाशांना सांगायचं. त्यात सबब चालणार नाही.

देवधर मॅडम (संस्था म्हणजे त्या, मी आणि एक प्रिंटर) म्हणाल्या, तुलनेसाठी एक नमुना हवा. जिथलं पाणी हमखास चांगलं आहे अशी जागा.

खोलीत दोघीच होतो, तरी मी हात वर केला. "आमची वारज्याची सोसायटी!"

१० एप्रिल
अब्बांना सांगितलं आणि घरात लग्न ठरल्यासारखं झालं.

अब्बा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सोसायटी झाल्यापासून चेअरमन, कारण दुसरं कुणी उभंच राहत नाही. बोअर कुठे घ्यायचं ते त्यांनी ठरवलं. शेजारी पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा करवून घेतला, तोही त्यांनीच. पालिकेचं पाणी उन्हाळ्यात पुरत नाही म्हणून बोअरचं पाणी त्याच टाकीत सोडतात, आणि सगळी बिल्डिंग ते पिते. "गोड आहे" असं अब्बा आल्यागेल्याला सांगतात. प्यायला लावून सांगतात.

आज नमुना देताना इस्त्रीचा शर्ट, पायात मोजे. इक्बालला फोटो काढायला बोलावलं. इक्बाल, माझा नवरा, शाळेत गणित शिकवतो, सध्या पेपर तपासतोय. एका हातात लाल पेन धरून दुसऱ्या हाताने फोटो काढला. फोटोत बाटली आहे, अब्बांचं डोकं नाही. पुन्हा काढला.

बाटली क्रमांक सतरा. मांजरीच्या सोळा बाटल्यांबरोबर आमच्या फ्रीजवर ठेवली. तिथे छान ऊब असते. अम्मी (सासूबाई) म्हणाल्या, माझा गुळाचा डबा कुठे गेला?

११ एप्रिल
दुपारी ऑफिसात अम्मींचा फोन. "बेटा, तेरी एक बोतल जल गई."

कुठली?

"सत्रा."

१२ एप्रिल
जळलेलीच दिसते खरी. डांबरासारखी. मांजरीच्याही काही काळ्या पडल्यात, पण सोळापैकी एकीचाही रंग इतका गडद नाही.

आमच्या घरात दखनी बोलतात (मी वहीत मराठीच लिहिते, शाळेपासूनची सवय). अब्बा रागावले की मात्र मराठीत शिरतात, आणि मराठीही खात्यातली. आज बाटली उजेडात धरून बराच वेळ बघितली. मग: "सदर बाटली सदोष असण्याची शक्यता नाकारता येत नाही."

मी म्हटलं, अब्बा, पुन्हा घेऊ या.

"फेरतपासणी माझ्या समक्ष व्हावी."

इक्बाल म्हणाला, मी तटस्थ आहे. कुणी विचारलं नव्हतं.

१४ एप्रिल
फेरतपासणी अब्बांच्या समक्ष झाली. नळ त्यांनी स्वतः पुसला. झाकण त्यांनीच लावलं. बाटली त्यांच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर ठेवली. शेजारी उकळून गार केलेल्या पाण्याची दुसरी, म्हणजे बाटल्याच सदोष आहेत का ते कळेल.

उकळलेली स्वच्छ आहे. दुसरी आज सकाळी काळी झाली. अब्बांच्या डोळ्यांसमोर झाली म्हणायचं, ते खुर्ची टाकून बसले होते.

नाश्ता नको म्हणाले. मराठीत.

१५ एप्रिल
दोन दिवसांचा नियम. सतरा नंबर अकरा तारखेला काळी झाली. म्हणजे तेरालाच सांगायला हवं होतं.

अब्बांचं म्हणणं, सत्तावीस तारखेला वार्षिक सभा आहे, तिथे "यथोचित" सांगू. तोवर कारण शोधू. कारण न सांगता लोकांना घाबरवण्यात काय अर्थ?

मी हो म्हटलं. मांजरीच्या कुठल्याही सेक्रेटरीने हेच म्हटलं असतं तर मी त्याला नियमावली दाखवली असती.

आपल्या घरात पाणी उकळायला लागलोय. स्वयंपाकघरात सतत वाफ. बिल्डिंगला काही माहीत नाही.

१६ एप्रिल
जिन्यात दुसऱ्या मजल्यावरची स्नेहल भेटली. पोहण्याच्या क्लासला निघालेल्या मुलीच्या, ओवीच्या बाटलीत पाणी भरून घेतलेलं. ओवी सहा वर्षांची, गॉगल डोळ्यांवर लावूनच जिना उतरत होती, भिंत चाचपत.

मी म्हटलं, "पाणी उकळून देत जा गं."

"का हो?"

"असंच. उन्हाळा आहे."

असंच! पाण्यावर इतकी वर्षं काम करून एवढंच सुचलं.

१८ एप्रिल
मांजरी. आज एका सेक्रेटरीने चक्क आत बोलावलं, सरबत दिलं. (टँकरचं. प्यायले. काय करणार.) मग विचारलं, "तुमच्या स्वतःच्या सोसायटीचं पाणी तपासलंत का हो मॅडम?"

"हो."

"मग?"

"निकाल यायचाय."

संगीताताई माझ्याकडे बघत राहिल्या. या कामात मी खोटं कधी बोलले नव्हते. आकडे जुळले नाहीत तर नाहीत जुळले असं लिहिते.

रिक्षात त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "आमाला गेटावरनं हाकलत्यात म्हनून सांगता येत न्हाय. तुमी तर गेटाच्या आतच ऱ्हाता की म्याडम."

उतरताना: "आन् ते सरबत मी न्हाय प्याले. कुंडीत वतलं."

२० एप्रिल
ओवी दवाखान्यात. रात्रभर उलट्या, सकाळी सलाइन लावलं.

मी गेले. डॉक्टर म्हणाले, काळजीचं नाही, वेळेत आणलंत. स्नेहल म्हणत होती, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, त्या क्लासच्या तलावाचंच पाणी तोंडात गेलं असेल. मी मान हलवत होते. कशामुळे झालं हे मला तरी कुठे नक्की माहीत आहे? एका बाटलीवरून एका मुलीचं दुखणं सांगता येत नाही. हे मीच सगळ्यांना सांगत असते.

हे सगळं मनात म्हणून झालं, मग कॉरिडॉरमध्ये तिला सांगितलं. आपल्या बोअरचं पाणी खराब आहे. मला नऊ दिवस झाले कळून.

ती म्हणाली, "त्या दिवशी जिन्यात हे म्हणत होतात?"

"हो."

"असंच म्हणालात."

"हो."

ती वळली. आत गेली.

घरी अब्बा जेवायला बसले होते. मी म्हटलं, मी स्नेहलला सांगितलं. आता सगळ्यांना सांगणार आहे. आजच. मला वाटलं, आता मराठी सुरू होईल. त्यांनी ताट बाजूला केलं, विचारलं, बच्ची कैसी है?

संध्याकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं: पाणी उकळून प्या, कारण हे, उद्या सभा. पहिला प्रतिसाद कुलकर्णी काकांचा, ते सोसायटीचे सेक्रेटरी: "सभेची सूचना देण्याचा अधिकार सेक्रेटरीस आहे." दुसरा तळमजल्यावरून, नमस्काराचे हात. का ते कळलं नाही.

२१ एप्रिल, सकाळ
अब्बा पहाटे उठून गायब. खाली पार्किंगमध्ये सापडले. एका हातात टॉर्च, काखेत सोसायटीचं इतिवृत्ताचं रजिस्टर. पावसाचं पाणी मुरवायच्या त्यांच्या लाडक्या खड्ड्यावरचं झाकण बाजूला केलेलं. खड्ड्यातून वास. पाऊस नाही, काही नाही, आणि आत पाणी.

खड्ड्यात एक पीव्हीसी पाइप आलेला. तो कुठून येतो ते बघायला मीही वाकले. ड्रेनेजच्या चेंबरमधून.

मग अब्बांनी रजिस्टर उघडून मला वाचून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी चेंबर तुंबलं होतं. "प्लंबरने सुचविल्यानुसार चेंबरमधील जादा पाणी नजीकच्या खड्ड्यात सोडण्याची तात्पुरती व्यवस्था मंजूर." खाली सही. चेअरमन. त्यांचीच ती लांब शेपटीची सही.

"त्या दिवशी लग्नाला जायची घाई होती," म्हणाले. "नजीकचा खड्डा कोणता, हे विचारलंच नाही मी."

रजिस्टर मिटलं. "तात्पुरती म्हणजे कधीपर्यंत, हेही लिहायचं राहिलं. माझ्या हाताखालच्या कुणी असा शेरा लिहिला असता तर मी फाइल परत पाठवली असती."

२१ एप्रिल, सभेनंतर
पार्किंगमध्ये खुर्च्या. एवढी माणसं वार्षिक सभेलाही येत नाहीत.

मी दोन्ही काळ्या बाटल्या ठेवल्या आणि सांगितलं. मला वाटलं होतं लोक चिडतील. चिडले नाहीत. मानलंच नाही.

कुलकर्णी काका उभे राहिले. "तांबोळीसाहेबांवर आमचा पूर्ण विश्वास आहे. त्यांच्या सूनबाईंच्या बाटलीवर नाही. इतकी वर्षं आम्ही हेच पाणी पितोय, आणि बघा, उभे आहोत."

मागून त्यांच्या बायकोने: "तुम्ही उभे आहात, कारण मी रोज ओव्याचा काढा देते. ॲसिडिटी म्हणून."

तिसऱ्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा: "सॅम्पल साइझ काय आहे?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या हातात वीस लिटरचा विकतचा कॅन होता.

एक आजी म्हणाल्या, काळी पडली म्हणजे लोह असेल. रक्त वाढतं.

आणि अब्बा उठले. मी खरंच घाबरले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सदर बाटली," अब्बा म्हणाले, "पूर्णतः निर्दोष आहे. तिची फेरतपासणी मी स्वतः केलेली आहे. बाटलीविषयी शंका उपस्थित करणाऱ्या सभासदांनी प्रथम खड्ड्याची पाहणी करावी आणि मग बोलावे. सदोष आहे ती व्यवस्था. सदर व्यवस्थेस मंजुरी मी दिलेली आहे. सही माझी आहे. माझ्या सुनेने सांगितले तेव्हा सभेपर्यंत थांब, असे मी सांगितले. तेही माझेच."

ओवीचे बाबा दवाखान्यातून थेट आले होते, मागे खांबाला टेकून उभे होते. अब्बा त्यांच्याकडे वळले आणि पुढचं वाक्य काही जुळेना. "सदर..." म्हणाले. थांबले. मग साधंच: "चुकलो मी. माफ करा."

ते म्हणाले, "पाइप कधी काढताय?"

अब्बांनी तिथल्या तिथे राजीनामा दिला. कुलकर्णी काकांनी नियमाचं पुस्तक चाळलं. राजीनामा स्वीकारायला समितीची बैठक लागते, समितीतले दोघे गावाला गेलेत, सबब कोरम नाही. खरी भीती वेगळी. चेअरमन गेले तर पुढचा नंबर त्यांचा.

मग सगळे खड्डा बघायला गेले. बघून आल्यावर सॅम्पल साइझ कुणी विचारला नाही.

२३ एप्रिल
पाइप काढला. तोच प्लंबर आला होता. म्हणाला, "चेंबर पक्कं करू का सध्या तात्पुरतं?" अब्बा त्याच्याशी वीस मिनिटं शुद्ध मराठीत बोलले. त्याला निम्मं कळलं नसावं, पण काम पक्कं केलं.

ओवी घरी आली. स्नेहल जिन्यात भेटली तर नुसतं हसते. आधीसारखं थांबत नाही. ते मला भोगायलाच हवं.

३० एप्रिल
परवा देवधर मॅडमना सगळं सांगितलं, नऊ दिवसांसकट. वाटलं, कामावरून काढतील. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "यास्मिन, नियमावली तू छान लिहिली होतीस. आता पुन्हा लिही. या वेळी ती पाळणाऱ्या माणसासाठी लिही."

मग मांजरीच्या यादीवर बोट ठेवून: काळ्या बाटल्यांच्या जागी खड्डे आहेत का बघितलंस?

संगीताताई आणि मी दोन दिवस तेच बघत हिंडलो. बऱ्याच ठिकाणी खड्डा आहे, आणि खड्ड्यात नको ते आहे. कुठे धुण्याचं पाणी, कुठे गाड्या धुतलेलं. एके ठिकाणी खड्ड्यात तुळस लावलेली, ती मात्र जोमात.

म्हणजे मुद्दा हा: पाणी मुरवा म्हणून खड्डा सक्तीचा. पण त्यात मुरतंय काय, हे बघायचं कुणाचं काम? भूजलवाले म्हणतात आरोग्याचं. आरोग्यवाले म्हणतात इमारतीचं. टिपण आता यावरच.

४ मे
अब्बांनी टिपणाची भाषा तपासायला मागितली. "लोक आजारी पडतात" याचं त्यांनी केलं: "नागरिकांच्या आरोग्यास बाधा पोहोचण्याची शक्यता संभवते." मी परत होतं तसं केलं.

अब्बा: असं लिहिलंस तर साहेब वाचतील.

मी: वाचायलाच देतोय ना?

अब्बा: वाचलं तर उत्तर द्यावं लागेल. मग ते फाइल खाली ढकलतील.

मी: आणि तुमचं वाक्य?

अब्बा: त्यावर झोपतील. पण फाइल टेबलावर राहील.

शेवटी दोन्ही वाक्यं ठेवली. शिवाय आमच्या सोसायटीचं नाव गुप्त ठेवायचं असतं, तर त्यांचा हट्ट, "वारजे" लिहा, चेअरमनची सही होती हेही लिहा. मॅडम म्हणाल्या, वारजे लिहू, सहीचं नको. अब्बा थोडे हिरमुसले.

आमचं बोअर अजून काळंच. खराब पाणी उपसून टाकणं चालू आहे. महिने लागतील.

७ मे
टिपण द्यायला खात्यात गेलो. मॅडम, मी आणि "भाषासाहाय्यक" म्हणून अब्बा.

साहेब भले निघाले. पहिलं पान खरोखर वाचलं. म्हणाले, "विषय महत्त्वाचा आहे. पण तुम्ही खाजगी सोसायट्यांचंच बघितलंत. सरकारी आवारातले खड्डे आदर्श असतात. आमचाच बघा ना." खिडकीतून दाखवला. वर पाटी, भोवती पांढऱ्या रंगाचे दगड. "त्याला लागूनच बोअर. सगळं ऑफिस हेच पाणी पितं. गोड आहे."

तेवढ्यात ट्रेमधून तीन ग्लास आले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी ग्लासाकडे. साहेब कौतुकाने आमच्याकडे बघत होते, घ्या म्हणाले.

अब्बा अदबीने उठले. "साहेब, परवानगी असेल तर एक नमुना घेऊ का? तुलनेसाठी. हमखास चांगल्या पाण्याचा आम्हाला हवाच आहे."

साहेबांना आनंद झाला. शिपायाला फोटो काढायला बोलावलं.

८ मे
फ्रीजवर एकच बाटली. अम्मी येता-जाता बघतात. दुपारपर्यंत काही नाही. चारनंतर जरा मळकट वाटते. इक्बाल म्हणतो, उजेडाचा परिणाम. मग म्हणाला, मी तटस्थ आहे.

९ मे
करडी. काळी म्हणता येणार नाही, स्वच्छ तर मुळीच नाही. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर: "दोन दिवसांचा नियम. आजच सांगायचं. साहेबांकडूनच टिपणावर शेरा यायचाय, हे मला माहीत आहे. तरी आजच."

अब्बांना विचारलं, फोन करू की पत्र पाठवू? खात्यात उभी हयात गेलेला माणूस. बराच विचार केला.

"पत्र दिलंस तर पत्राला आवक क्रमांक मिळेल आणि पाणी तसंच चालू राहील. फोन केलास तर पाणी बंद होईल, टिपणाचं काय होईल सांगता येत नाही."

फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये. शिपायाने उचलला. तोच फोटोवाला.

"निरोप आहे का काही?"

मी विचारलं, तुम्ही तिथलंच पाणी पिता का?

"हो, सगळेच पितात. का हो?"

त्याला सगळं सांगितलं. आधी उकळा म्हटलं, मग कारण सांगितलं, मग परत उकळा म्हटलं. तो म्हणाला, थांबा, साहेबांच्या केबिनमध्ये आत्ताच ग्लास गेलेत. आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून धावल्याचा आवाज आला.

मी अजून लाइनवर आहे. एका हाताने लिहितेय. तिकडे पंख्याचा आवाज येतोय आणि कुणीतरी मोठ्याने बोलतंय. शब्द लागत नाहीत.